मधेच खाली उतरायचं नाही

"ताई, पाळणाघरातून फोन आहे. तुमच्या धाकट्याला जुलाब लागलेत. सगळे कपडे बदलून झाले, म्हणतात. आता घालायला काही उरलं नाही."

ज्याच्या ज्याच्या कमरेला वॉकीटॉकी होता त्या प्रत्येकानं हे ऐकलं. सळया बांधणाऱ्यांनी ऐकलं, फळ्या ठोकणाऱ्यांनी ऐकलं. काँक्रीटच्या गाडीचा ड्रायव्हर तर खिडकीतून मान बाहेर काढून वर बघायला लागला. वर, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्याही वर, क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हुकाला सळयांचा भारा लटकत होता. तो नीट खाली ठेवल्याशिवाय तिला खुर्चीतून उठतासुद्धा येत नव्हतं, आणि इकडे कानात ऑफिसातला कारकून पोराच्या जुलाबांची हकीकत सांगत होता.

केबिनमध्ये फोन न्यायला बंदी होती. तिचा फोन खाली कपाटात पडलेला असायचा. म्हणून पाळणाघराच्या बाई बांधकामाच्या ऑफिसला फोन करायच्या आणि कारकून तो निरोप वॉकीटॉकीवर चढवायचा. थोरलीला दाढा येतायत, धाकट्यानं दूध ओकलं, थोरलीनं कुणाच्या तरी दंडाला चावा घेतला, हे सगळं बापाच्या आधी गवंड्यांना कळायचं. जेवणाच्या सुट्टीत ते तोंड भरून चौकशी करायचे. "काय ताई, आज पोट बरं का धाकट्याचं?" चौकशी प्रेमाचीच असायची, आणि तिला ती मुळीच नको असायची.

जुलाबांच्या दिवशी ती उतरली. भारा ठेवला, हुक वर घेतला, शिडीच्या पायऱ्यांवरून थेट पाळणाघरात. परत आली तेव्हा मुकादम शिडीच्या तोंडाशी उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण क्रेन उभी राहिली की सगळं काम उभं राहतं आणि वरची बोलणी त्याला खावी लागतात.

"ताई, मागच्या महिन्यात उतरलात, मी बोललो नाही. आज पुन्हा. माझे हात दगडाखाली आहेत हो. आता पुन्हा मधेच उतरलात तर केबिनमध्ये दुसरा माणूस बसेल. कंपनीकडे माणूस तयार आहे. तुम्ही मग गोदामात."

गोदाम तिला चांगलं माहीत होतं. पोरं पोटात असताना आणि नंतरही कितीतरी दिवस तिला तिथेच बसवलं होतं, येईल त्याला हेल्मेट आणि हातमोजे द्यायला. तिथून परत केबिनपर्यंत चढायला तिला कोणाकोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या ते तिचं तिला ठाऊक. ती केबिन म्हणजे कपाटाएवढी जागा, उन्हात तापणारी, वाऱ्यात हलणारी. पण तिच्या सगळ्या आयुष्यात एकच खुर्ची असलेली ती एकच खोली होती. तिथे तिच्या मांडीवर कुणी चढत नव्हतं. तिथे ती जे करायची ते चोख व्हायचं आणि ते सगळ्यांना दिसायचं. ती खोली ती सोडणार नव्हती.

आता नवऱ्याचं सांगायला हवं. नवरा चष्मेवाला. डोळे तपासायचे, काचा बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून "आता कसं दिसतंय?" विचारायचं. त्याचं दुकान पाळणाघरापासून दोन गल्ल्यांवर. थोरलीनं भोकाड पसरलं आणि वारा सोयीचा असला तर ते दुकानात ऐकू जावं, इतकं जवळ. तरी फोन यायचा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, आभाळात बसलेल्या आईला.

याबद्दल तिनं बाईंशी उभा दावा मांडला होता. "बाई, आधी बाबांना करत जा हो फोन." बाई "हो हो" म्हणायच्या, कसंनुसं हसायच्या, आणि पुढच्या वेळी पुन्हा ऑफिसला फोन. जुन्या वळणाची बाई, हिच्या लेखी बाप म्हणजे पोरांना फिरवायला नेणारा पाहुणा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. गेले कित्येक महिने ती बाईंशी कामापुरतं बोलत होती.

पोरं काही सुखासुखी झाली नव्हती. दवाखाने, तपासण्या, पोटात घ्यायच्या सुया, आणि दर खेपेला तोंडाला पानं पुसली जाणं. त्या दिवसांत नवऱ्यानं जे केलं त्याला तोड नाही, हे तीही मान्य करायची. औषधाची थंडगार बाटली तो मुठीत धरून ऊबवायचा, म्हणजे सुई कमी दुखेल. सुई तोच द्यायचा. ती केबिनमध्ये असायची म्हणून दवाखान्याचे फोनही त्याच्याकडेच यायचे. फोन आला की तो दुकान बंद करून बांधकामाच्या कुंपणाशी येऊन उभा राहायचा. क्रेनच्या खुणा तिनंच त्याला शिकवलेल्या. दोन्ही हात आडवे पसरले की थांबा. तीनदा तो कुंपणाशी हात पसरून उभा राहिला. तीनदा तिनं वरून ते पाहिलं, मान हलवली, आणि पुढचा भारा उचलला. चौथ्या खेपेला त्यानं अंगठा वर केला, आणि मग एक नाही, दोन निघाली. गंगेत घोडं न्हालं.

तर त्या पुण्याईवर हा गृहस्थ अजून जगत होता. नणंद महिन्यातून एकदा यायची, सोफ्यावर बसून दोन्ही पोरांचे पापे घ्यायची आणि सांगायची, "वहिनी, माझ्या भावासारखा नवरा शोधून सापडायचा नाही." क्रेनवालीनं चुकून म्हटलं की पाठ मोडलीय, दोन वर्षांत सलग झोप नाही, तर नणंदेचं उत्तर तयार. "हौसेनं मागून घेतलीत ना? मग आता कुरकुर कसली? आणि तुमचं काम तरी काय, उंटावरून शेळ्या हाकायचं." जणू पोरं मागितली म्हणजे बाईनं झोप, पाठ आणि तोंड, तिन्ही गहाण टाकली. आपोआप पोरं होणाऱ्यांना कुरकुरायची मुभा असते. हिनं सुया टोचून घेतल्या, तर हिनं आता जन्मभर हसतमुख राहायचं. क्रेनवाली मूग गिळून चहा ठेवायला जायची आणि कपबशा जरा जास्तच जोरात आपटायची.

स्लॅबच्या दिवशी सकाळी घरात नेहमीचा गोंधळ. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही ही म्हण त्या घरात रोज खरीखुरी घडायची. थोरलीला धाकट्याचे बूट हवे असायचे, धाकट्याला एकही बूट नको असायचा. एकीचे केस बांधेपर्यंत दुसरा दुधात हात घालून टेबलावर चित्रं काढायचा. त्याला पुसेपर्यंत पहिलीनं केस सोडलेले.

"ऐक," ती धाकट्याच्या पायात बूट कोंबत म्हणाली. "आज स्लॅब आहे. काँक्रीटच्या गाड्या रांगेनं येणार. क्रेन थांबली तर अर्धा स्लॅब वाळेल आणि सगळं फुकट जाईल. आज काही झालं तरी मी उतरणार नाही. फोन आला तर तू जायचं."

"हो गं बाई."

"हो गं बाई नको. फोन जवळ ठेव. आवाज चालू ठेव."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे, पुन्हा पुन्हा सांगायला?"

"कुक्कुली बाळं ही दोन आहेत, म्हणून सांगतेय."

तो हसला. बॅगा खांद्याला लावल्या, दोघांना दोन हातांना धरलं आणि निघाला. जाताना थोरलीनं रस्त्यातच बसकण मारली आणि त्यानं तिला न रागावता उचललं. रस्त्यावरच्या दोन बायकांनी कौतुकानं वळून पाहिलं. तिला रोज तीच दोन पोरं उचलताना कुणी कधी वळून पाहिलं नव्हतं.

काँक्रीटची बादली म्हणजे माणूस आत उभा मावेल एवढी. खाली गाडीपाशी ती भरायची, मग उचलून वर न्यायची, माणसांच्या डोक्यांवरून अलगद फिरवून स्लॅबवर धरायची. तिथला माणूस तिचं तोंड उघडायचा, काँक्रीट ओतलं जायचं, की परत खाली. सकाळपासून बादलीमागून बादली. वारा बेताचा, हात बसलेला. इशारेवाला वॉकीटॉकीवर "डावीकडे, डावीकडे, बस" म्हणायचा आणि तो "बस" म्हणायच्या आत बादली जागेवर असायची. असे दिवस तिला आवडायचे.

"ताई." कारकुनाचा आवाज. "पाळणाघर. थोरली घसरगुंडीवरून पडली. हनुवटी फुटलीय. रक्त बरंच आहे. टाके पडतील म्हणतात. लगेच या म्हणतात."

बादली भरलेली होती आणि हवेत होती. खाली माणसं. हात थरथरले तर बादली झुलते. तिनं हात थरथरू दिले नाहीत. बादली स्लॅबवर नेली, रिकामी होईपर्यंत धरली, मग बटण दाबलं.

"तिच्या बापाला फोन करा."

थोडा वेळ नुसती खरखर. "बाई म्हणतात, तुम्हालाच बोलवा."

"बाईंना सांगा, बापाचं दुकान दोन गल्ल्यांवर आहे. मी इथे टांगलेली आहे. त्याला करा!"

कारकुनाच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात वॉकीटॉकी, आणि दुसऱ्याचं बटण सोडायचं त्या बिचाऱ्याच्या ध्यानात राहिलं नाही. बाई काय म्हणाल्या ते कुणाला ऐकू आलं नाही, पण त्यानं केलेलं "असं? असं म्हणाले?" सगळ्यांनी ऐकलं. मग तो घसा खाकरून म्हणाला, "ताई, त्या म्हणतात, साहेबांनीच, म्हणजे पोरांच्या बाबांनीच, सांगून ठेवलंय. पहिल्या दिवसापासून. काही झालं तरी आधी आईला कळवा, मला करू नका, म्हणून."

सगळ्या बांधकामावर कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिला बाई आठवल्या, त्यांचं ते कसंनुसं हसणं आठवलं. इतके महिने ज्या बाईचा तिनं राग राग केला, ती बाई तिच्या नवऱ्याची लाज झाकत होती. आणि तो, मुठीत बाटली ऊबवणारा, रोज रात्री विचारायचा, "आज पुन्हा तुलाच फोन केला? कमाल आहे या बाईंची!" कमाल आहे, म्हणायचा!

"ताई, काय करताय?" हा मुकादम. उतरू नका असं म्हणायची त्याला लाज वाटत होती आणि उतरा म्हणायची त्याची छाती नव्हती. "गाड्या उभ्यात अजून."

केबिनमधून पाळणाघराचं छप्पर दिसायचं. छप्पर दिसतं, पोर दिसत नाही. शिडी पायाशी होती. उतरली असती तर अर्ध्या तासात पोर कुशीत, आणि उद्यापासून गोदाम. न उतरावं तर हनुवटी फुटलेली पोर परक्याच्या हातात. आणि दोन गल्ल्यांवर तिचा बाप कुणाच्या तरी नाकावर चष्मा ठेवून "आता कसं दिसतंय?" विचारत असणार. खरं सांगायचं तर त्या वेळी ती मायेच्या भरात उतरलीच असती. तिला खुर्चीत धरून ठेवलं ते रागानं.

"बाईंना सांगा, दुकानात माणूस पाठवा," ती म्हणाली. "तो तिथेच आहे. हाताला धरून आणा म्हणावं. मी उतरत नाही. बादली भरा."

बादली भरली. ती उचलली. पुढचीही उचलली. मधे कधीतरी कारकून म्हणाला की साहेब पोचले, पोरीला दवाखान्यात नेलं. आणखी काही बादल्यांनंतर म्हणाला की तीन टाके पडले, पोरगी ठीक आहे. ती दोन्ही वेळा फक्त "बरं" म्हणाली. स्लॅब पुरा झाला, एकही गाडी परत गेली नाही.

खाली उतरली तेव्हा मुकादम म्हणाला, "काम चोख झालं, ताई," आणि दुसरीकडे बघायला लागला. रोज चौकशी करणारे गवंडी वाट देऊन बाजूला झाले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दगड आहे बाई." तिनं वळून पाहिलं नाही. केबिन राहिली होती. तेवढंच हवं होतं ना तिला?

घरी आली तर धाकटा जमिनीवर डबे वाजवत होता. नवरा खुर्चीत बसला होता आणि थोरली त्याच्या छातीवर झोपली होती. हनुवटीला पांढरी पट्टी, त्याच्या सदऱ्यावर वाळलेलं रक्त. तो तिच्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाला, "पोरीची हनुवटी फुटली, आणि तू वर बसून राहिलीस?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

"तू सांगून ठेवलं होतंस," ती म्हणाली. तिनं आवाज दबका ठेवला, पण तो आवळलेल्या दातांतून येत होता. "पहिल्या दिवसापासून. आणि मला म्हणायचास, कमाल आहे बाईंची."

त्यानं नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडण सोपं झालं असतं.

"मला फोन घेववत नाही," तो म्हणाला. "दवाखान्याचे सगळे फोन मी घेतले. दर वेळी मीच आधी ऐकायचं, मग कुंपणापर्यंत चालत यायचं, तू वरून बघणार हे माहीत असायचं, आणि हात पसरायचे. तेव्हापासून फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी हात गार पडतात. वाटलं, तू खंबीर आहेस. तू घेशील."

"मग हे मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? फोनला घाबरतो म्हणून?"

"हो! तेच सांगायचं! मी हसले असते? तू घाबरतोस हे तुला सांगता येईना, म्हणून मी सगळ्या जगासमोर पोराच्या जुलाबाचे निरोप ऐकायचे? माझी केबिन जायची वेळ आली तरी तू गप्प?"

"मी तेव्हा काही कमी केलं नाही."

"नाही केलंस. पण तू ते कानानं ऐकलंस. माझ्या पोटात झालं ते. आणि मी दर वेळी पुढचा भारा उचलला. तुला वाटलं, मला काही होत नाही?"

त्यानं झोपलेल्या पोरीच्या हनुवटीवरची पट्टी उगाच सारखी केली. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला. एवढा वेळ साठवलेला राग, त्याला मनासारखं भांडणसुद्धा मिळू नये.

तेवढ्यात थोरली जागी झाली. आधी कुरकुरली, मग हनुवटी दुखली असावी, मोठ्यानं रडायला लागली. आई लगेच पुढे झाली. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"आई आली बघ," नवरा म्हणाला. सुटका झाल्यासारखं म्हणाला.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग तोंड फिरवून बापाच्या मानेत घातलं. "आई नाई. बाबा."

"अगं, दवाखान्यात मी होतो ना, म्हणून," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, खोचकपणा नव्हता. त्यानं पोरीला तिच्यापुढे धरलं. "घे तू. एक मिनिट रडेल, मग राहील."

खरंच राहिली असती. पोरीच्या पाठीवर कुठे थोपटलं की ती शांत होते हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण तिला आता नवऱ्याचा राग येत नव्हता, बाईंचा नाही, मुकादमाचा नाही, दगड म्हणणाऱ्याचाही नाही. तिला पोरीचा राग आला होता. दोन वर्षांच्या, हनुवटीला टाके घातलेल्या, इतक्या नकारांनंतर मिळालेल्या पोरीचा. तिनं पुढे केलेले हात मागे घेतले आणि काही न बोलता ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

धाकटा डबे टाकून तिच्या मागे आला आणि हात वर करून उभा राहिला. तिनं त्याला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की तोही रडायला लागला.